लग्नाच्या दिवशी पाऊस अडवायचाय?

सांगली-मिरज पट्ट्यात माझं मंडप-डेकोरेशनचं काम आहे. एप्रिल-मे आला की एखाद्या वधूपित्याचा फोन ठरलेला: "अहो, ते विमानानं ढगात काहीतरी मारतात म्हणे. आपल्याला जमेल का?" म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

विमानातून मारतात ते सिल्व्हर आयोडाइड, नाहीतर उष्ण ढगात मिठासारखे क्षार. त्यानं ढगातलं पाणी खाली यायला मदत होते, तीही ढग आधीच भरलेला असेल तर. मग पाऊस अडवायचा म्हणजे काय? वाऱ्याबरोबर येणारा ढग आपल्यापर्यंत पोचायच्या आधीच, दुसऱ्याच्या शिवारात रिकामा करायचा. बीजिंगनं २००८च्या ऑलिंपिक उद्घाटनाला यासाठी २१ ठिकाणांहून ११०४ रॉकेटं सोडली. त्यांच्यामुळे पाऊस टळला की तो येणारच नव्हता, हे कोण छातीठोक सांगणार? आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापुरात प्रयोग केले, पण ते पाऊस वाढवायला. शिवाय असं विमान उडवायचं तर सरकारी परवानग्या लागतात. तो नाद सोडा.

वळवाचं एक बरं, तो बहुतेक वेळ पाळतो. दुपारभर तापतं, ढग चढतात आणि चार ते सातच्या दरम्यान कोसळतो. गोरज मुहूर्त नेमका त्यात सापडतो. भटजींना सकाळचा मुहूर्त काढायला सांगा, एक पैसा खर्च नाही.

संध्याकाळच हवी असेल तर छत सपाट घेऊ नका, दोन्हीकडे चांगला उतार द्या. सपाट कापडात पाणी साचून पोट सुटतं. ते वेळीच बांबूनं खालून ढोसायचं, पण टोकाला गोणपाट गुंडाळून, नाहीतर कापड फाटतं. असं एक पोट व्याह्यांच्या पंगतीवर रिकामं झालेलं मी पाहिलंय! पाणी कुठं पडणार ते आधी बघा आणि तिथं चर काढा. वायरींचे जोड जमिनीवर नकोत, आणि पुढं अर्थिंग बघूनच जनरेटर सुरू करू द्या.

खरा मांडव उडवतो तो वारा. आभाळ काळं झालं की बाजूच्या कनाती सोडून काढा, वारा आरपार जाऊ दे.

दुपारपासून एका पोराच्या हातात मोबाईलवरचं, जवळपास वीज कुठं पडतेय ते दाखवणारं दामिनी ॲप द्या. वीस किलोमीटरच्या आत वीज दिसली की लोखंडी खांबांखालून सगळ्यांना पक्क्या इमारतीत न्यायचं, अक्षता राहिल्या तरी. त्यासाठी जवळच्या शाळेचा हॉल आदल्या दिवशीच मागून ठेवा, आणि किल्ली कुणाकडे आहे तेही विचारून घ्या.