कामानंतर इंजिन स्टार्ट होत नाही? सेल्फ मारण्याआधीची तयारी

जुन्या इनलाइन डिझेल पंपाच्या ट्रकच्या हेडचं काम झालं, पंप आणि नोझल बेंचवरून तपासून आले, सगळं बसवलं, आणि सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतंय, स्टार्ट घेत नाही. पुढच्या दहा मिनिटांत सगळ्यात जास्त नुकसान होतं. बॅटऱ्या बसतात, सेल्फ तापून जळतो, आणि कुणीतरी दुसरी गाडी बांधून ओढायला निघतो. ओढू नका. टायमिंग चुकलं असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, पुशरॉड वाकतात, आणि नुकतंच बसवलेलं हेड पुन्हा उतरवावं लागतं. किल्ली काढून खिशात ठेवा आणि तयारीला लागा.

सगळ्यात आधी वही आणि पेन. गाडी कामाला आली तेव्हा चालत आली होती की ओढून आणली होती, हे वरती लिहा. चालत आली असेल तर दोष बहुतेक करून हात लागलेल्या जागीच सापडतो. म्हणून काय काय उघडलं ते क्रमाने लिहून काढा: कोणता पाइप सोडला, कोणती वायर काढली, कोणता वायसर जुनाच लावला, टायमिंगचं झाकण उघडलं होतं का. काम दोघातिघांनी मिळून केलं असेल तर प्रत्येकाला वेगळं विचारा. ही यादी पुरी होईपर्यंत नवीन नटाला पाना लावायचा नाही, कारण एक दोष शोधताना दुसरा घातला की मग पत्ताच लागत नाही.

मग सामान गोळा करा. मल्टीमीटर, टेस्ट लॅम्प, पाच लिटर स्वच्छ डिझेलचा कॅन, हातभर पारदर्शक नळी, तांब्याचे नवीन वायसर, क्रँक हाताने फिरवण्यासाठी लांब दांड्याचा पाना, आणि एक सपाट जाड फळी. फळी कशाला, असं नवीन पोरं विचारतात. पंपाचा रॅक (डिझेल किती जायचं ते ठरवणारा दांडा) अडकला असेल तर स्टार्ट होताच इंजिन बेफाम पळतं आणि किल्लीने बंद होत नाही. तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून धरणं हाच उपाय. तिथे हात किंवा कापड कधीही लावू नका. चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, गाडी न्यूट्रलमध्ये आहे हे स्वतः पाहा, आणि केबिन उचललेली असेल तर तिची अडकवणी लागली आहे याची खात्री करा.

सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. एखाद्या जागी घट्ट अडलं तर जोर लावू नका. गॅस्केटमधून किंवा गळक्या नोझलमधून पाणी किंवा डिझेल सिलिंडरमध्ये साचलं असेल, तर त्यावर सेल्फ मारल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं किंवा दुधाळ दिसलं तर पुढे न जाता तिथेच थांबा.

हे ठीक असेल तर करंटकडे या. २४ व्होल्टच्या गाडीत १२ च्या दोन बॅटऱ्या असतात. सगळं बंद असताना प्रत्येकी सुमारे १२.६ व्होल्ट हवेत आणि सेल्फ फिरताना दोन्ही मिळून १९ च्या खाली जायला नको. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. क्रँक हळू फिरला की ती उष्णता भिंतींना निघून जाते. इंजिन खाली उतरवलं होतं का? मग अर्थची पट्टी (इंजिन आणि चासी जोडणारी) पाहा. ती लावायची राहते, नाहीतर रंगावर कसली जाते. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसला, दुसरी ब्लॉकला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थ खराब.

आता स्टॉप केबल. पंप पुन्हा बसवताना ती आखूड कसली जाते आणि पंपाचा स्टॉपचा लिव्हर बंदच्या बाजूला राहतो. लिव्हर हाताने पूर्ण मोकळा येतो का ते पाहा. जिथे केबलऐवजी सोलेनॉइड (विजेवर डिझेल चालू-बंद करणारा भाग) आहे तिथे किल्ली फिरवल्यावर 'टक्' ऐकू येतं का ते ऐका. एवढ्याशा कारणासाठी अख्खे पंप उतरवलेले मी पाहिले आहेत.

सगळ्यात जास्त वेळ मात्र हवेला द्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढीची असते. तिच्यात चीर असली तरी थेंबही बाहेर पडत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून 'कुठे गळत नाही, म्हणजे लाइन चांगली' हा समज चुकीचा. टाकीची लाइन सोडून कॅनमधून नळीने सरळ फीड पंपाला डिझेल द्या. फिल्टरचा स्क्रू सोडून हँड पंप मारा, फेस थांबून सलग धार आली की कसा. मग पंपावरचा स्क्रू, मग नोझलकडचे नट अर्धा-एक फेरा सैल करून सेल्फ, एका वेळी १० ते १५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं विसावा. उडणाऱ्या डिझेलपासून डोळे आणि हात दूर ठेवा. कॅनवर स्टार्ट झालं आणि टाकीवर नाही, तर दोष टाकीच्या बाजूलाच आहे.

एका माणसाला सायलेन्सरपाशी उभं करा. सेल्फ फिरताना अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल पोचत नाही. डोळे चुरचुरणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, तेव्हा टायमिंग किंवा कॉम्प्रेशन पाहायचं. काळा धूर असेल तर हवेची वाट तपासा. एका गाडीत टर्बोच्या तोंडाशी कचरा जाऊ नये म्हणून कोंबलेली चिंधी तशीच राहिली होती. एक्झॉस्ट ब्रेकची झडप बंदच अडकली तरी इंजिन घुसमटतं.

टायमिंगची एक चूक खुणा जुळवूनही होते. चार स्ट्रोकच्या इंजिनात एक नंबरचा पिस्टन वर येतो तो दोनदा, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे फ्लायव्हीलची खूण बरोबर असून पंप क्रँकच्या पूर्ण एका फेऱ्याने, म्हणजे स्वतःच्या अर्ध्या फेऱ्याने, चुकू शकतो. १-५-३-६-२-४ क्रमाच्या इंजिनात झाकण उघडून पाहा: एक नंबरचे दोन्ही टॅपेट सैल आणि सहाचे व्हॉल्व्ह हलण्याच्या बेतात, तर एक नंबर कॉम्प्रेशनला. उलट दिसलं तर क्रँक एक फेरा फिरवा आणि मग पंपाची खूण पाहा.

हे सगळं जुन्या इनलाइन पंपाचं, ज्याला कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं तरी गॅरेजमध्ये आजही माइकोच म्हणतात. कॉमन रेलच्या गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं) नोझलचा नट सैल करून पाहायचा नाही. तिथला दाब कातडी फोडून डिझेल शरीरात घालतो. तिथे आधी क्रँक आणि कॅम सेन्सरचे कनेक्टर लागलेत का ते पाहा, मग फ्यूज, मग स्कॅनरवर सेल्फ फिरताना रेलचा दाब. दाब पुरेसा चढला नाही तर कंप्युटर इंजेक्टर उघडतच नाही.

हवेच्या तोंडात स्प्रे किंवा पेट्रोल मारू नका. नुकत्याच बसवलेल्या रिंगा त्या दणक्याने तुटतात. इतकं करूनही स्टार्ट घेत नसेल तर पंपवाल्याला बोलवा आणि वही हातात द्या: धुराचा रंग, फिरतानाचे व्होल्ट, कॅनवर काय झालं, एक नंबर कॉम्प्रेशनला असताना पंपाची खूण कुठे होती.