‘शाइन’चा भूतकाळ: ‘शोन’ लिहावे की ‘शाइन्ड’?

‘शाइन’ म्हणजे प्रकाशणे, चकाकणे, आणि माणसाविषयी बोलताना एखाद्या क्षेत्रात चमकणे. दिवा लावण्याला मात्र हे क्रियापद चालत नाही.

भूतकाळाचे रूप निवडताना प्रथम वाक्यात कर्म आहे का, ते पाहावे. सूर्य किंवा घासलेले पितळी भांडे स्वतःच चमकत असेल, तर कर्म नसते आणि ‘शोन’ लिहावे: ‘द सन शोन ऑल डे’. कोणी पॉलिश करून बूट चमकवले असतील, तर बूट हे कर्म होते आणि ‘शाइन्ड’ हेच रूप लागते: ‘ही शाइन्ड हिज शूज’. टॉर्चचा झोत टाकण्याच्या अर्थी दोन्ही रूपे आढळतात. अमेरिकेत ‘शाइन्ड’ पुष्कळदा वापरतात, परंतु आपले शालेय इंग्रजी ब्रिटिश वळणाचे असल्यामुळे ‘शोन’ लिहिणे अधिक सुसंगत ठरते.

‘शोन’ हे रूप पाठ करण्यापेक्षा त्याचे मूळ समजून घेणे मला अधिक उपयोगाचे वाटते. जर्मन ‘शाइनेन’ ज्या कुळातले, त्याच कुळातले हे क्रियापद जुन्या इंग्रजीत ‘शीनन’ असे होते आणि त्याचा एकवचनी भूतकाळ ‘शान’ होता. पुढे इंग्रजीतील या दीर्घ ‘आ’चा ‘ओ’ झाला, ज्यामुळे ‘स्टान’चे ‘स्टोन’ झाले आणि ‘शान’चे ‘शोन’. म्हणून ‘राइड–रोड’, ‘राइज–रोज’, ‘ड्राइव्ह–ड्रोव्ह’ या जोड्यांच्या शेजारी ‘शाइन–शोन’ ही जोडी ठेवावी. फरक एवढाच की ‘रिडन’, ‘रिझन’ यांसारखे वेगळे कृदंत रूप ‘शाइन’ला आता उरलेले नाही, त्यामुळे ‘हॅज शोन’ असेच लिहावे लागते.

‘शाइन्ड’ हे नियमित रूपही नवे नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये प्रकाश पडण्याच्या अर्थी दोन्ही रूपे आली आहेत. तेव्हा जुन्या मजकुरात कर्म नसताना ‘शाइन्ड’ दिसले, तर ती छपाईची चूक समजू नये.

उच्चाराचाही प्रश्न येतो. ब्रिटिश उच्चार ‘शॉन’ असा आखूड, तर अमेरिकन उच्चार ‘शोन’ असा होतो. लेखन दोन्हीकडे एकच राहते. मात्र वरचेवर फसवणारे क्रियापद आहे ‘आउटशाइन’, म्हणजे दुसऱ्याला झाकोळून टाकणे: त्याला कर्म असूनही भूतकाळ सामान्यतः ‘आउटशोन’ असाच होतो.