ससा पाळलाय? मग रोज सकाळी आधी लेंड्या बघा

आमच्याकडे इंदूरला रामबागेत दोन ससे आहेत, मन्या आणि पुतळी, आणि पहिल्या वर्षी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या सगळ्या आम्ही करून झाल्यात म्हणून हे लिहितेय. दुकानदाराने जाळीच्या तळाचा पिंजरा गळ्यात मारला, वर म्हणाला गाजर द्या, बस. दोन महिन्यांत मन्याच्या मागच्या टाचांचे केस झडले, कातडी लालभडक, मग खपल्या. सशाच्या पंजाला कुत्र्या-मांजरासारखी गादीच नसते हो, नुसते केस असतात, तारेवर बसून बसून ते गेले की संपलं.

त्यामुळे जाळी असेल तर आज संध्याकाळच्या आत त्यावर लाकडी फळी नाहीतर गवताची चटई टाका. पिंजरा फक्त झोपायला, बाकी वेळ खोली किंवा गॅलरी मोकळी द्या, जोडीला साधारण ३ मीटर बाय २ मीटर तरी. टाइल्सवर पाय घसरतात, जुनी सतरंजी अंथरा, आणि वायरी उचलून ठेवा, कुरतडणार म्हणजे कुरतडणारच.

आता खाणं. सशाचे दात मरेपर्यंत वाढतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर, आणि ते झिजतात गवत चावून चावूनच. म्हणून खाण्यातलं ८० टक्के तरी गवत हवं. ऑनलाइन मिळणारं टिमोथी नावाचं सुकं गवत महाग पडतं, मी पावसाळा संपला की दूब, म्हणजे हरळी, आणून गच्चीवर सावलीत वाळवते, जरा जरी कुबट वास आला तर फेकून देते. गव्हाचा भुसा बारीक असतो, धुरळ्याने शिंका येतात. रिजका (लसूणघास) आणि बरसीम हा हिरवा चारा पिल्लांना, दूध पाजणाऱ्या मादीला चांगला, पण मोठ्या सशाला रोज दिला तर कॅल्शियम जास्त होऊन लघवीत गाळ धरतो. कोथिंबीर, पुदिना, गाजराची पानं द्या, गाजराची मात्र एखादीच चकती. कांदा-लसूण अजिबात नाही. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, इंदूरचा माणूस समोर दिसेल त्याला सेव चारल्याशिवाय राहत नाही!

लेंड्यांचं म्हणाल तर ससा दुखणं लपवतो, शिकारी जनावरांपासून वाचायचं म्हणून, तोंडावर काहीच दिसत नाही. पण लेंड्या खोटं बोलत नाहीत. गोल, सुक्या, एकसारख्या असल्या की ठीक. लहान झाल्या, केसाने माळेसारख्या जोडलेल्या आल्या किंवा आल्याच नाहीत तर घड्याळ बघा. पुतळीने एका शनिवारी रात्री गवताला तोंड लावलं नाही, आम्ही म्हटलं नखरे असतील, सकाळी बघू, आणि सकाळी ती कोपऱ्यात पोट आवळून दात करकर वाजवत बसलेली. आतडं थांबलं होतं. वाचली, पण थोडक्यात. १०-१२ तास खाल्लं नाही तर ती इमर्जन्सीच समजा. मऊ द्राक्षाच्या घडासारख्या लेंड्या तो स्वतःच खातो, तिकडे तोंड वाकडं करू नका, त्याला त्या लागतात.

व्हेट सशांचं बघणारा शोधून ठेवा, इंदूरजवळ महूला व्हेटरनरी कॉलेज आहे तिथेही विचारता येतं. ऑपरेशनच्या आधी कोणी उपाशी ठेवायला सांगितलं तर पुन्हा विचारा, सशाला उलटी होतच नाही, उपाशी ठेवायचं नसतं. कुत्र्याचा फिप्रोनिलवाला गोचिडीचा स्प्रे सशाला विष आहे, आणि अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडाने कधीच देऊ नका.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि सशाला ३० च्या पुढेच त्रास सुरू होतो, घाम येत नाही, कानांतूनच काय ती उष्णता जाते. कूलर लावाल तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून जुन्या मोज्यात घालून ठेवा, मन्या तिला टेकून दुपार काढतो. धापा टाकायला लागला, लाळ गळली तर कान साध्या पाण्याने ओले करा आणि पळा डॉक्टरकडे, बादलीत बुडवू नका.

इंदूरजवळ सांवेरकडे ओळखीच्या एकांचं ससेपालन आहे, ३० माद्या. ते म्हणायचे, धंदा आहे ताई, लाड नाहीत. पण टाचांना जखमा झाल्या की मादी खात नाही, मग पिल्लं मरतात, हे त्यांनाच दिसलं. आता प्रत्येक पिंजऱ्यात एक फळी आहे, कान ताठ करून उभं राहता येईल एवढी उंची आहे, कुरतडायला तुतीच्या फांद्या. व्याल्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते, पूर्वी ते तसंच करायचे, आता पिल्लं दुधापासून तुटेपर्यंत थांबतात. मोठे नर वेगवेगळे, नाहीतर रक्तबंबाळ. आई दिवसातून एखाद वेळच पाजते, तीही ३-४ मिनिटं, त्यामुळे टाकून दिली असं समजून पिल्लं उचलू नका, सकाळी फक्त पोटं गोल आहेत का बघा. आणि कान धरून उचलणं बंद, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, हवेत लाथ मारली तर कणा मोडतो.

सोयाबीन काढताना शेतात रानसशाचं पिल्लू सापडलं तर घरी आणू नका, तो वेगळा प्राणी, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळता येत नाही. तिथेच बांधाला आडोशाला ठेवा, अंधार पडला की आई येते.