रेसिंग ड्रोनच्या प्रगत सेटिंग्जना हात लावण्यापूर्वीची तयारी

बीटाफ्लाइटमधील (ड्रोनच्या नियंत्रक बोर्डावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमधील) प्रगत सेटिंग्ज बदलायला बसताना सर्वांत आधी चारही प्रोपेलर काढून ठेवावेत, कारण बॅटरी जोडलेली असताना चुकून फिरलेली एक मोटर बोट कापायला पुरेशी असते. त्यानंतर सीएलआय (टाइप करून आज्ञा देण्याच्या) टॅबमध्ये 'डिफ ऑल' ही बदललेल्या सेटिंग्जची यादी देणारी आज्ञा देऊन आलेला मजकूर तारीख आणि फर्मवेअरच्या (बोर्डावरील सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीसह जतन करावा. आवृत्तीगणिक काही सेटिंग्जची नावे आणि मूळ किमती बदलतात, म्हणून जुन्या आवृत्तीतला मजकूर नव्या आवृत्तीत जसाच्या तसा चिकटवू नये.

संगणकाकडे वळण्याआधी ड्रोन हातात घेऊन तपासावा. फ्रेमचे स्क्रू घट्ट आहेत का, एखाद्या मोटरचा दांडा वाकला आहे का, फ्लाइट कंट्रोलरखालची (उड्डाण सांभाळणाऱ्या बोर्डाखालची) रबरी बुशिंगे शाबूत आहेत का आणि एखादी ताणलेली वायर बोर्डाला टेकून हादरे पोहोचवत नाही ना, हे पाहावे. सैल स्क्रूमुळे जायरोत (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये) शिरणारा गोंगाट, म्हणजे हादऱ्यांचे नको असलेले संकेत, फिल्टर वाढवून झाकता येतो खरा, पण प्रत्येक फिल्टर संकेताला थोडा उशीर लावतो आणि तो उशीर वळणावर जाणवतो. मला तर अर्ध्याहून अधिक 'ट्यूनिंगच्या अडचणी' या पानापकडीच्या अडचणी वाटतात.

आता आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर चालणारा) फिल्टर. या फिल्टरवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. द्विदिश डीशॉट (मोटरची आज्ञा आणि वेगाची माहिती दोन्ही दिशांनी नेणारी पद्धत) सुरू केल्यावर ईएससी, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारे उपकरण, प्रत्येक मोटरचा वेग फ्लाइट कंट्रोलरला कळवते आणि फिल्टर नेमक्या त्याच वारंवारतेचा गोंगाट कापतो. मोटर मिनिटाला 30,000 फेरे घेत असेल, तर तो गोंगाट 500 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 500 फेऱ्यांवर, असतो. मात्र ईएससी विद्युत फेरे मोजते, म्हणजे प्रत्यक्ष फेरे गुणिले चुंबकांच्या जोड्या. प्रत्यक्ष फेरे काढण्यासाठी चुंबकांची संख्या अचूक भरावी लागते. पाच इंची ड्रोनच्या बहुतेक मोटरींत 14 चुंबके असतात, पण छोट्या ड्रोनच्या अनेक मोटरींत ती 12 असतात. छोट्या ड्रोनची सेटिंग्ज एकदा मोठ्यावर उतरवताना माझ्याकडून 12 हा आकडा तसाच राहिला. त्यामुळे 500 हर्ट्झवरचा गोंगाट सोडून फिल्टर सुमारे 583 हर्ट्झवर काप घेत होता आणि दोन मिनिटांच्या उड्डाणात मोटरी चटका बसावा इतक्या तापल्या. म्हणून मोटरच्या घुमटाच्या आतील चुंबके स्वतः मोजावीत, आणि मोटर्स टॅबमध्ये चारही मोटरी फिरवून वेगाच्या संदेशांतील त्रुटीचे प्रमाण शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ राहते याची खात्री करावी.

हे जमल्याखेरीज पीआयडीला, म्हणजे ड्रोनची चूक दुरुस्त करणाऱ्या तीन घटकांना, हात लावू नये. पी म्हणजे चुकीला दिलेले तात्काळ उत्तर, आय म्हणजे वाऱ्याने किंवा असमतोलाने साचत जाणारी चूक भरून काढणे आणि डी म्हणजे उसळी आवरणारा लगाम. डी हा जायरोच्या बदलाच्या वेगावर चालत असल्यामुळे जलद, बारीक गोंगाट तो कित्येक पटींनी मोठा करून मोटरीकडे पाठवतो. म्हणूनच डी वाढवताना स्लायडर एका वेळी एकच घर सरकवावा, प्रोपेलर लावून मोकळ्या मैदानात अर्धा मिनिट उडवावे, उतरवून बॅटरी काढावी आणि प्रत्येक मोटरवर बोट ठेवून पाहावे. बोट ठेववत नसेल, तर मागच्या किमतीवर परतावे. उड्डाणाची ब्लॅकबॉक्स (सेन्सरच्या आकड्यांची) नोंद ठेवल्यास जायरोचा आलेख पाहता येतो. स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत खाली उतरताना होणारा थरथराट त्यात स्पष्ट दिसतो, आणि डोळ्यांना 'बरे वाटले' यापेक्षा हा पुरावा भरवशाचा असतो.

फीडफॉरवर्ड, म्हणजे स्टिक हलताच चूक होण्याआधी मोटरींना दिलेला धक्का, हे स्टिकच्या हालचालीच्या वेगावर आधारलेले असल्याने, आपल्या रिसीव्हरच्या पॅकेट गतीला (सेकंदाला येणाऱ्या संदेशांच्या संख्येला) जुळणारा प्रीसेट (तयार सेटिंग्जचा संच) आधी लावावा. रेट्स, म्हणजे स्टिक किती हलवल्यावर ड्रोन किती वेगाने फिरेल ते, हा सवयीचा भाग आहे. दुसऱ्याचे रेट्स उसने घेतले तरी चालतील, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी ते बदलू नयेत. डायनॅमिक आयडलमध्ये (मोटरींचा किमान वेग राखणाऱ्या सेटिंगमध्ये) भरलेला आकडा शंभरांत मोजला जातो, म्हणजे 30 भरल्यास किमान वेग मिनिटाला 3,000 फेरे ठरतो, हे विसरू नये.

सर्वांत शेवटी, कितीही किरकोळ बदल केलेला असो, फेलसेफची, म्हणजे रेडिओचा संकेत तुटल्यावर मोटरी थांबवणाऱ्या सोयीची, चाचणी घ्यावी. प्रोपेलर काढून, ड्रोन आर्म करून (मोटरी चालू होऊ देऊन), थ्रॉटल किंचित वर घ्यावे. प्रोपेलर नसताना मोटरींचा वेग आपोआप चढत जातो, कारण फ्लाइट कंट्रोलरला त्याच्या दुरुस्तीचा परिणाम जायरोत दिसत नाही, तेव्हा ते पाहून गोंधळू नये. मग रेडिओ बंद करावा. ठरवलेल्या अवधीत चारही मोटरी थांबल्या, तरच प्रोपेलर पुन्हा चढवावेत.