अमेरिकेत शेतजमीन घेतलीत? आधी काउंटीचं कृषी कार्यालय गाठा

अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटीत जमीन घेतली असेल, तर अनुदानासाठी संकेतस्थळं धुंडाळत बसू नका. अमेरिकी कृषी खात्याच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून भेटीची वेळ घ्या. तिथे बहुधा एकाच छताखाली दोन कार्यालयं असतात: कर्ज आणि आपत्ती-मदत पाहणारी फार्म सर्व्हिस एजन्सी, आणि माती-पाण्याच्या संवर्धनाचं काम करणारी एनआरसीएस. जाताना ओळखपत्र, कराचा क्रमांक आणि खरेदीखत किंवा भाडेकरार न्या. तिथे मिळणारा ‘फार्म नंबर’ सातबाऱ्यासारखा जपा, पुढे पदोपदी लागतो.

कुंपण, ठिबक, पॉलिहाऊससारखा हाय टनेल यांच्या खर्चाचा काही भाग एनआरसीएसच्या ‘इक्विप’ योजनेतून मिळू शकतो. पण करारावर सह्या होण्याआधी काम सुरू केलंत, तर त्या कामाचे पैसे सहसा हातचे जातात. कंत्राटदाराला विसार देण्याची घाई अजिबात करू नका! अर्ज वर्षभर घेतात, मात्र निवडीची अंतिम तारीख राज्यागणिक वेगळी असते. ती पहिल्याच भेटीत विचारा. शेती सुरू करून 10 वर्षांहून जास्त काळ झाला नसेल, तर ‘बिगिनिंग फार्मर’ असल्याचं आवर्जून सांगा. मदतीचा दर वाढतो, काही रक्कम आगाऊही मागता येते.