खाणीत उतरण्यापूर्वी टॅगवरची पट्टी वाचा

वणी-बल्लारपूर भागातील भूमिगत कोळसा खाणीत कामगाराचा ठावठिकाणा कळावा म्हणून टोपीला किंवा कमरपट्ट्याला ट्रॅकिंग टॅग लावला जात असेल, तर त्यावरची काजळी ओलसर फडक्याने पुसून (कोरड्याने घासल्यास स्थिर वीज तयार होऊ शकते) प्रमाणपत्राची पट्टी अवश्य वाचावी. हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के असताना लहानशी ठिणगीही स्फोटाला पुरते. म्हणून पट्टीवर खाणींसाठीचा ‘ग्रुप १’ आणि शक्यतो ‘आयए’ ही अक्षरे असावीत, कारण ‘आयए’ दर्जाचे उपकरण दोन बिघाड एकाच वेळी झाले तरी वायू पेटवेल अशी ठिणगी पडू देत नाही. ‘आयपी ६७’ हा आकडा केवळ धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा आहे, त्यावर विसंबू नये.

पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच असल्याने तिची मंजुरी पुरेशी वाटते. परंतु खाणीसाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचीच मान्यता लागते.

प्रमाणपत्र क्रमांकाच्या शेवटी ‘एक्स’ असल्यास वापराच्या विशेष अटी मागवून वाचाव्यात. मूळ बॅटरीऐवजी बाजारातील दुसरी बसवल्यास ते प्रमाणपत्र त्या टॅगला लागू राहत नाही.