जुन्या वाड्याचं वायरिंग: वायरमनला फोन करण्याआधीची तयारी

पुण्याच्या पेठांत अजून उभे असलेले वाडे आतून पाहिले, तर विजेचे तीन-तीन थर सापडतात. सगळ्यांत जुनी सागवानी केसिंग-कॅपिंगमधली, म्हणजे झाकणाच्या लाकडी पट्टीतली, रबरी वायर, तिच्या शेजारी लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली दुसरी, आणि शेवटी कुणीतरी एसीसाठी खिडकीतून आत ओढलेली पीव्हीसी. नवा वायरमन येतो आणि चौथा थर चढवून जातो, कारण जुनं कुठून कुठे जातं हे घरातलं कुणीच त्याला सांगू शकत नाही. ती माहिती गोळा करायचं काम त्याचं नाही, तुमचं आहे. एका रविवारात होतं.

पहिल्यांदा वीजबिल काढा. त्यावरचा मंजूर भार, फेज आणि नाव पाहा. वाड्यातलं मीटर कित्येकदा आजोबांच्या नाहीतर मूळ मालकाच्या नावावर असतं, आणि भार वाढवायचा अर्ज तिथेच अडतो. सिंगल फेजची मर्यादा ४० अँपिअर. दोन किलोवॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. असे दोन गीझर, दीड टनाचा एक एसी, इंडक्शन आणि इस्त्री एका वेळी चालली की तुम्ही चाळिशीच्या काठावर आलात. थ्री फेज घ्यायचं असेल तर ते आधी ठरवा, कारण डीबी (सगळ्या सर्किटचे खटके असलेली पेटी), मेनची वायर आणि खोल्यांची विभागणी त्यावरच ठरते. निम्मं काम झाल्यावर हे सुचलं तर निम्मं काम पुन्हा.

मग प्रत्येक खोलीचा कागदावर साधा नकाशा काढा आणि दिवे, पंखे, प्लग त्यात मांडा. कुठला पॉइंट कुठल्या फ्यूजवर आहे ते असं शोधा: मेन स्विच बंद करा, एक किटकॅट (चिनी मातीचा फ्यूज) काढा, मेन चालू करा, काय बंद पडलं ते लिहा, परत मेन बंद करून किटकॅट बसवा. किटकॅटची चिनी माती तडकलेली असेल किंवा मेनचा खटका नीट पडत नसेल, तर हात लावू नका; ते वायरमनपुढेच होऊ द्या. इथे एक सापळा आहे. जुन्या बोर्डांवर फेजला, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेला, फ्यूज असायचा तसा न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेलाही असायचा. न्यूट्रलचा फ्यूज काढला तर दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत करंट तसाच असतो. म्हणून दिवा विझला म्हणजे वायर मेली असं धरू नका. बटण न्यूट्रलवर बसवलेलं असेल तरी हाच प्रकार होतो. बटण बंद, बल्ब विझलेला, आणि होल्डरला टेस्टर लावला की टेस्टर पेटतो. तपासणी वायरमनला करू द्या, पण त्याने ती केली की नाही हे पाहा.

याच फेरीत खुणा लिहून ठेवा. पिवळा पडलेला होल्डर, प्लगभोवती तपकिरी डाग, मोटर लागली की मंद होणारे दिवे, नळाला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या. शेवटची खूण सगळ्यांत वाईट. पूर्वी बऱ्याच घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला बांधून मोकळे व्हायचे. पुढे नळ गळायला लागला, प्लंबरने जीआय काढून प्लास्टिकचा पाइप घातला, आणि त्या दिवशी सगळ्या घराचं अर्थिंग गेलं. प्लगाला तिसरं भोक आहे, त्यात हिरवी तारही आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडे पाइप कधी बदलले ते आठवून लिहा.

इमारतीचीही माहिती हवी. कुठली भिंत दगडी, कुठली विटांची, कुठली मातीची, ओल कुठल्या कोपऱ्यात येते, कडीपाटाच्या कुठल्या कड्या वाळवीने खाल्ल्या आहेत. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे हेरिटेज सेलमध्ये विचारून घ्या. दर्शनी बाजूवर पाइप, मीटरपेटी किंवा दिवे लावायचे असतील तर हा प्रश्न आधी सुटायला हवा.

आता माणूस शोधायचा. महाराष्ट्रात तीन वेगळे परवाने असतात: विद्युत ठेकेदाराचा, पर्यवेक्षकाचा आणि तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा. आयटीआयचं प्रमाणपत्र हे शिक्षणाचं आहे, परवाना नव्हे. परवान्याचा क्रमांक, मुदत आणि त्यावरचं नाव पाहा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: परवाना कुणाचा, आणि शिडीवर कोण चढणार? नवीन जोडणीला किंवा वाढीव भाराला टेस्ट रिपोर्ट लागतो, त्यावर परवानाधारक ठेकेदाराची सही लागते, आणि काम न बघता सही देणारे असतात. ‘सहीचं मी बघतो’ असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणाला तर चहा पाजून निरोप द्या.

माणूस जवळचा असावा, यामागे आपलेपणाचा काही संबंध नाही. जुलैत रात्री अकराला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा खटका) पडायला लागला की पाच पेठा ओलांडून कुणी येत नाही. शिवाय जवळपासच्या दोन वाड्यांत त्याने केलेलं काम तुम्हाला बघता येतं. बघायला गेलात तर स्विचच्या प्लेटा राहू द्या, डीबीचं झाकण उघडायला सांगा. आतल्या वायरी सरळ वळवलेल्या आहेत का, प्रत्येक एमसीबीखाली (फ्यूजच्या जागी आलेल्या आपोआप पडणाऱ्या खटक्याखाली) खोलीचं नाव लिहिलं आहे का, न्यूट्रलच्या पट्टीवर एका स्क्रूखाली तीन-तीन वायरी कोंबल्या आहेत का, हे दोन मिनिटांत दिसतं.

तुमच्याकडे बघायला आल्यावर त्याच्याजवळ मेगर, म्हणजे वायरीचं आवरण किती शाबूत आहे ते मोजायचं यंत्र, आहे का ते विचारा. टीव्ही, फ्रिज, वायफाय, एलईडी सगळं काढून ५०० व्होल्टवर मोजल्यावर वायर आणि अर्थ यांच्यात किमान १ मेगाओहम यायला हवा. जुनी रबरी वायर बहुतेक वेळा याच्या जवळपासही जात नाही. रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वाळतं आणि होल्डरपाशी वायर जरा वाकवली की बिस्किटासारखं चुरा होऊन तांबं उघडं पडतं. अशी वायर ‘तेवढी राहू दे’ म्हणण्यासारखी नसते. ॲल्युमिनियमची वायर दिसली तर तीही पूर्ण काढायची. तांब्याशी मारलेला तिचा सांधा सैल होतो, त्यावर गंज धरतो, सांधा तापतो, आणि तापतो कुठे तर लाकडी बोर्डाच्या मागे. न मोजता, नुसतं वर बघून ‘एवढे होतील’ असा आकडा सांगणाऱ्याचा आकडा लिहूनही घेऊ नका.

दरपत्रक बहुतेक पॉइंटमागे मिळतं. पॉइंट म्हणजे काय ते लिहून घ्या. बोर्डावरचा प्लग हाफ पॉइंट धरतात, जिन्याचा टू-वे (वर आणि खाली दोन्हीकडून लागणारा दिवा) दोन पॉइंट. मेनची वायर, डीबी, अर्थिंग, झिरी (वायरीसाठी भिंतीतली खाच) मारणं आणि बुजवणं बऱ्याचदा वेगळं. माल तुम्ही आणणार असाल तर वायरची ९० मीटरची सीलबंद गुंडाळी घ्या, ती पीव्हीसीची असेल तर तीवर आयएस ६९४ या भारतीय मानकाचा छाप पाहा, बिल घ्या. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गीझर-एसीला ४, सगळी तांब्याची. लाकडाच्या घरात चार पैसे जास्त देऊन धूर कमी करणारी, हॅलोजनमुक्त वायर घ्यावी, कारण वाड्यात बाहेर पडायला जिना एकच असतो. एका दिव्यांच्या सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नको. एका पॉवर सर्किटवर दोनच प्लग. एमसीबी वायरीला वाचवतो, उपकरणाला नाही, १.५ च्या वायरीवर ३२ चा एमसीबी बसवणं म्हणजे किटकॅटमध्ये जाड तार घालण्याचीच नवी आवृत्ती. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वाड्यात तो पडत राहतो याचं कारण बहुधा उसना घेतलेला न्यूट्रल: जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या घरातून आणि न्यूट्रल वरच्या. यावर आरसीसीबी काढून टाकणं हा इलाज नव्हे. न्यूट्रल वेगळे करायचे.

झिरीचं मात्र स्वतः उभं राहून ठरवा. तुळईला आणि खांबाला खाच किंवा भोक नाही. कोरीव लाकडात, घडीव दगडात खिळा नाही. स्क्रू दगडांच्या सांध्यातल्या चुन्यात मारायचा, तो उद्या बुजवता येतो. मातीच्या भिंतीत झिरी मारायला गेलं की हातभर रुंद ढलपा निघतो, तिथे वरून पाइप न्यावा. लोखंडी पाइप रंगवून कड्यांच्या सावलीत नेला तर नजरेत येत नाही, उंदीर-घुशी तो कुरतडत नाहीत. फक्त तो अर्थ केलेला हवा. चुन्याच्या भिंतीतली झिरी सिमेंटने बुजवू नका. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, ती बाजूच्या चुन्यात शिरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत पट्टीच्या दोन्ही कडांचा गिलावा सुटतो. एक भाग चुना आणि तीन भाग वाळू पुरते, पण चुन्याचं काम येणारा गवंडी आधी ठरवून ठेवावा लागतो. बुजवण्याआधी प्रत्येक झिरीचा टेप लावून फोटो काढा.

अर्थिंगचा खड्डा भिंतीपासून किमान दीड मीटर लांब घ्यायचा. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. वाड्यात याला जागा एकच, चौक. तिथे पहार मारण्याआधी घरातल्या जुन्या माणसांना विचारा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेलं पाणी जमिनीखालच्या नळांनी कित्येक वाड्यांच्या हौदांत यायचं, आणि बुजलेला हौद वरून दिसत नाही. रीडिंग ५ ओहमच्या आत आणायचा प्रयत्न करायचा. खाली काळा पाषाण लागला तर एका खड्ड्यात ते येणार नाही, दुसरा घेऊन जोडावा लागतो. त्याचा दर आधीच लिहून ठेवा.

देवडीत जिन्याखाली मीटरांची रांग असेल तर ती हलवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा. मीटरचं सील वायरमनने तोडायचं नाही, तुम्ही तर नाहीच. काम सुरू होण्याआधी शेजारच्या बिऱ्हाडांना वीज कधी जाणार ते सांगा, पाण्याची टाकी भरून ठेवा, फ्रिज रिकामा करा, माळ्यावरचा कचरा आणि भुसा झाडून काढा. ग्राइंडरची ठिणगी सुक्या भुशात तासभर धुमसू शकते. म्हणून ग्राइंडर चालला त्या दिवशी पाण्याची बादली जवळ आणि काम थांबल्यावर तासाभराने माळ्यावर एक फेरी. वायरीवर हात असताना मेनचा फ्यूज काढून काम करणाऱ्याच्या खिशात. वाड्यात पाच बिऱ्हाडं असतात, कुणीही येऊन खटका वर करतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचे दहा-पंधरा टक्के कागद हातात येईपर्यंत ठेवा. त्यात सर्किटचा नकाशा, प्रत्येक सर्किटचं मेगरचं रीडिंग, अर्थिंगचं रीडिंग, आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला त्याचा आकडा (३० मिलिअँपिअरला ३०० च्या आत), सही केलेला टेस्ट रिपोर्ट आणि मालाची बिलं. नकाशाची एक प्रत डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. मेगरचं रीडिंग मे महिन्यात घेतलं असेल तर ते छानच येणार. ऑगस्टमध्ये भिंती भिजल्यावर त्याच माणसाने येऊन पुन्हा मोजायचं, हे दरपत्रकातच लिहून घ्या.